हवा येते कुठून?

मित्रांनो, मी एक जुनी डिझेल गाडी. दोन दिवसांपासून चढाच्या रस्त्याकडेला उभी आहे, मागच्या चाकांना दगड लावलेले. इथे कशी आले ते सांगते. मध्येच चिडले तर समजून घ्या, माझा स्वभावच तसा आहे.

सतरा वर्षं मी एकाच घरात काढली. मला चालवतात ते जावईबापू. हे नाव त्यांच्या सासऱ्यांनी, अण्णांनी पाडलेलं. मीही तेच म्हणते. अण्णांची सगळी नोकरी पाणीपुरवठ्याच्या पंपावर झाली. आता ते लेकीकडेच राहतात. लेकीला सगळे ताई म्हणतात. एवढ्या वर्षांत मी कुणालाही रस्त्यात सोडलं नाही. शेजारीपाजारी म्हणायचे, "गाडी असावी तर अशी!" ऐकून मला मूठभर मांस चढायचं.

यंदा मात्र मी काळा धूर ओकू लागले. ताईला नववा महिना लागलेला, दवाखाना डोंगरापलीकडे. ऐनवेळी दगा नको म्हणून जावईबापूंनी मला गॅरेजात नेलं. मेस्त्रीने पंप उघडला, नोझल साफ केले, डिझेलचा फिल्टर बदलला. फिल्टरच्या जोडाला तांब्याचा वॉशर लागतो, शर्टाच्या बटणाएवढा. नवा आणायला तो विसरला होता. त्याने जुनाच उलटा करून बसवला आणि स्वतःशीच म्हणाला, "चालतंय."

"मारा सेल्फ, साहेब!"

जावईबापूंनी चावी फिरवली. मी नुसती घरघरले. मेस्त्रीने बॅटरी तपासली, ठणठणीत. हीटर प्लगही तापत होते. मग त्याने नोझलचा नट सैल केला, तर डिझेलऐवजी फेस आला. "डिझेलच्या नळीत एअर आहे," तो म्हणाला. फिल्टरवरचा हातपंप दाबून दाबून त्याने एअर काढली आणि मी सुरू झाले. घरी ताईने टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा ठप्प. पुन्हा मेस्त्री, पुन्हा फेस, पुन्हा हातपंप. तिसऱ्या दिवशीही तेच.

त्या दिवशी अण्णा काठी टेकत अंगणात आले. "मेस्त्री, हवा रोज काढताय, ते ठीक. पण येते कुठून?"

"अण्णा, तुमचे पंप पाण्याचे. हे डिझेल आहे."

"पाणी काय नि डिझेल काय! उभी असताना जिथून हवा आत जाते, तिथूनच चालताना तेल बाहेर येणार."

"अण्णा रिटायर झाले, पण ड्युटी काही सुटत नाही," जावईबापू म्हणाले आणि सगळे हसले. अण्णा आत गेले. अरे देवा, मला तेव्हा ओरडावंसं वाटत होतं! त्या जोडाच्या बरोबर खाली माझा धुराचा पाइप आहे. चढावर तो लालभडक होतो.

दुपारी ताईला कळा सुरू झाल्या. मी ठप्पच होते. मेस्त्री धावत आला, पण एअर काढायला त्याला उसंत नव्हती. त्याने हवेच्या नळीत कसलासा स्प्रे मारला. मी दणका देऊन सुरू झाले, सगळं अंग हादरलं. "आता वाटेत कुठे बंद करू नका," तो म्हणाला. "आणि दोन दिवस डिझेलचा वास येईल, घाबरू नका हं."

हे शेवटचं वाक्य त्याने बोलायला नको होतं.

चढ लागला तसा वास वाढला. ताई मागे अण्णांचा हात घट्ट धरून बसली होती. "अहो, डोळे चुरचुरतायत," ती म्हणाली.

"मेस्त्री म्हणालाय ना, वास येणारच," जावईबापू म्हणाले आणि त्यांनी मला आणखी दामटलं. थेंब थेंब डिझेल त्या तापलेल्या पाइपवर पडत होतं. मी सुरू झाले म्हणून सगळे खूश होते, आणि मी भीतीने अर्धमेली झाले होते.

बॉनेटच्या फटीतून पांढरा धूर आला तेव्हा अण्णा ओरडले, "जावईबापू, थांबवा!"

"बंद केली तर परत सुरू व्हायची नाही, अण्णा!"

"नाही झाली तर नाही. आधी माझ्या लेकीला खाली उतरवा!"

थांबलो. ज्वाळा तेवढी उठली नाही. पण रस्ता रिकामा होता. भाजीचा एक टेम्पो येईपर्यंत पाऊण तास गेला. तेवढा वेळ ताई रस्त्याकडेच्या दगडावर बसून कण्हत होती. मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

आज मेस्त्री एकटाच आला. जावईबापूंना स्पीकरवर फोन लावून त्याने विचारलं, "ताई कशा आहेत?" ताई बरी आहे. बाळ काचेच्या पेटीत आहे. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणायला हवं होतं. मग त्याने नवा वॉशर बसवला, आणि सेल्फ मारण्याआधी हातपंप दाबून, जोडाखाली पांढरा कागद धरून थेंब पडतो का ते बघत राहिला. हे त्याने पहिल्या दिवशी केलं असतं तर?

मित्रांनो, आम्हा यंत्रांना बोलता येत नाही. आम्हाला फक्त बंद पडता येतं. आम्ही बंद पडलो तर शिव्या घाला, लाथ मारा हवी तर, पण जबरदस्तीने सुरू करू नका. आधी वाकून बघा.

आता मी ठणठणीत आहे. "बाळाला घरी आणायला कधी येऊ?" मेस्त्रीने फोनवर विचारलं. "ती गाडी नको, आम्ही टेम्पोने येऊ," जावईबापू पलीकडून म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.