कपाटातल्या परदेशी बॅटऱ्या

आदेश अवघा चार ओळींचा होता. सरकारी दवाखान्यांनी यापुढे परदेशी बनावटीच्या बॅटऱ्या खरेदी करू नयेत. त्यांतल्या चिपमधून शत्रू दुरूनच यंत्रं बंद पाडू शकतो. मी अशाच एका दवाखान्याचा स्टोअरकीपर. वीस वर्षांत माझ्या स्टोअरमधली सुई इकडची तिकडे झाली नव्हती आणि त्याचा मला भारी तोरा होता. नुसतं 'खरेदी करू नयेत' एवढ्यावर माझं कसलं समाधान होतंय? वॉर्डातल्या श्वासाच्या यंत्रांमध्ये होत्या त्या बॅटऱ्याही मी काढून आणल्या, कपाटात ठेवल्या आणि वर लाखेचं सील ठोकलं.

"अहो, नवीन घेऊ नका म्हटलंय. असलेल्या काढा असं कुठे म्हटलंय?" वॉर्डच्या सिस्टर म्हणाल्या.

"देशी येतायत आठवड्यात. तोवर लाइट आहे की."

साहेबांनी माझी पाठ थोपटली. देशी बॅटऱ्यांचं टेंडर मात्र अडलं ते अडलंच. आठ महिने गेले.

मग माझी थोरली बहीण त्याच वॉर्डात आली. न्यूमोनियाने तिची फुप्फुसं पार थकली होती. यंत्र लावल्यावर तिसऱ्या दिवशी ती माझ्याकडे बघून डोळ्यांनीच हसली. डॉक्टर म्हणाले, अजून दोन दिवस निघाले की धोका टळला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी लाइट गेले. जनरेटर जरा घरघरला आणि गप्प झाला. ताईचं यंत्र थांबलं. सिस्टर हाताने श्वासाची पिशवी दाबू लागल्या, पण तिला ते पुरेना.

"बॅटरी आणा आधी," त्या म्हणाल्या.

मी जिवाच्या आकांताने पळालो. सील फोडताना क्षणभरही थांबलो नाही, एवढं सांगतो. बॅटरी आणली, बसवली, बटण दाबलं. काही नाही. दुसरी आणली. तीही मेलेली. आठ महिने चार्जिंगविना पडून सगळ्या निकामी झाल्या होत्या. मी रोज सकाळी फक्त सील शाबूत आहे का ते बघत होतो.

वीस मिनिटांनी लाइट आले. तोवर ताई गेली होती. शत्रूने दुरून जे करायचं, ते मी बसल्या जागी करून ठेवलं होतं. माझी मलाच शिसारी आली.

सिस्टर माझ्याकडे बघत राहिल्या. स्टोअरसमोरच्या बाकावर बसलेले दाजी उठून आले आणि त्यांनी माझे दोन्ही हात धरले.

"तिच्यासाठी सरकारी सील फोडलंस रे. नोकरीचीही पर्वा केली नाहीस. हे उपकार मी कसे फेडू?"

"दाजी, असं म्हणू नका," मी म्हणालो. पुढचं सांगायला माझी जीभ रेटेना.

त्यांना तो माझा विनय वाटला. त्यांनी मला जवळ घेतलं.