तमिळमध्ये निघून गेलेलं वाक्य

आमचं घराणं तंजावरचं. उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर तमिळ, हा पिढ्यानपिढ्यांचा रिवाज. त्यामुळे माणूस समोर बसलेला असतानाच त्याची सालटी काढता येतात. भाजीवाला असो, घरमालक असो, आम्ही बायका हसतमुखाने त्याच्याबद्दल मराठीत बोलायचो. त्यात मी सगळ्यांच्या पुढे. शाळा तिसरीत सुटली, पण जिभेला कधी शिकवणी लागली नाही.

समोरच्या दारातली कनका रोज दुपारी माझ्याकडे यायची. चेन्नईत, वेस्ट मांबलमच्या या इमारतीत आम्ही दोघी एकदमच राहायला आलो, विधवाही मागेपुढेच झालो. ती मल्लीच्या, म्हणजे मोगऱ्याच्या, कळ्या आणायची, मी कॉफी करायची. देवासाठी माळा गुंफताना ती मुलाबद्दल बोलायची. मुलगा ऑस्ट्रेलियात. या पोंगलला नक्की येणार, असं ती दर वर्षी सांगायची. मग मी माझ्या सुनेकडे, संयुक्ताकडे बघून मराठीत एक टोला हाणायची. संयुक्ता ओठ दाबून लॅपटॉपमध्ये डोकं घालायची. कनकाला काहीच कळायचं नाही, तीही हसायची.

त्या दिवशी टीव्ही चालू होता. कुकर शिट्ट्या देत होता. संयुक्ता ऑफिसच्या फोनवर मोठ्याने बोलत होती आणि कनकाचं पोंगलपुराण सुरू होतं. पूर्वी असल्या गोंधळात मी चार कामं करायची. हल्ली मात्र सगळे आवाज एकदमच कानात घुसतात, कुठला आत घ्यायचा आणि कुठला दारात थांबवायचा ते जमत नाही. मी संयुक्ताकडे वळून नेहमीसारखं बोलले, "कुठला येतोय तो. हिच्या बडबडीला कंटाळूनच पळालाय तिकडे."

संयुक्ताने फोन खाली ठेवला. तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं की मी ते तमिळमध्ये बोलले.

कनकाने हातातली माळ पूर्ण केली, गाठ मारली, टोपलीत ठेवली आणि गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. त्यानंतरही नाही.

संयुक्ता मला डॉक्टरकडे घेऊन गेली. मी तिथे ताठ बसले. डॉक्टर म्हणाले, "मी टेबलावर एकदा टकटक केली की तुम्हीही करा. दोनदा केली तर हात हलवायचा नाही." पोरखेळ वाटला. पण त्यांनी दोनदा वाजवलं की माझा हात आधी हलायचा आणि मग मला कळायचं. सुनेसमोर पुन्हा पुन्हा. शेवटी मी हात पदराखाली घेतला.

"वयाने ब्रेक थोडे सैल होतात, अम्मा. आत आलेलं अडवून धरता येत नाही. पुष्कळांचं होतं."

रिक्षात संयुक्ता म्हणाली, "आई, हेच कनकामामींना सांगा. तुमचा दोष नाही म्हणावं."

"ब्रेक सैल झाला म्हणून गाडी घसरली, हे खरं," मी म्हटलं. "पण गाडीत तो माल कोणी भरला?"

संयुक्तानेही वर्षानुवर्षं ओठ दाबून ऐकलं होतं.

तरी मी गेले. आजपर्यंत कुणाच्या दारात माफी मागायला गेले नव्हते. कनकाने दार उघडलं, पण बाजूला झाली नाही. मी डॉक्टरचं सगळं सांगितलं. म्हटलं, डोकं बिघडलंय, मनावर घेऊ नकोस.

तिने ऐकून घेतलं. मग विचारलं, "अक्का, इतकी वर्षं माझ्यासमोर मराठीत बोलायचीस, तेही असलंच होतं का?"

नाही म्हणायचं, हे मी ठरवूनच आले होते.

"हो," माझ्या तोंडून निघून गेलं.

तिचे डोळे माझ्यावरून हलले नाहीत. मान खाली घालायची मला सवय नाही, त्या दिवशी ती आपोआप खाली गेली. घरात तिचा टीव्हीसुद्धा बंद होता.

"मुलाचा फोन यायची वेळ झाली," ती म्हणाली.

त्या वेळी तिला कुणाचा फोन येत नाही, हे सगळ्या मजल्याला ठाऊक आहे. वाक्य माझ्या जिभेवर आलं, मराठीत आलं आणि तमिळमध्येही आलं. मी दाराची चौकट घट्ट धरली, दातांवर दात दाबले आणि ते खाली जाईपर्यंत तशीच उभी राहिले.

"बोल त्याच्याशी," मी म्हटलं, "मी जाते."