गौराच्या वाट्याची चटणी

बाळीवेशीतल्या गिरिजाबाईंच्या घरात छत्री एकच होती आणि ती उन्हासाठी होती. बहात्तरचा दुष्काळ सरून तीन वर्षं झाली, तरी सोलापूरच्या माणसाचा पावसावर भरवसा बसला नव्हता. मग पावसासाठी म्हणून छत्रीला पैसे कोण घालणार? आणि आता त्यांची एकुलती एक लेक गौरम्मा, जिला सगळे गौरा म्हणत, अशा मुलखात निघाली होती की जिथं दिवाळी झाली तरी पाऊस उसंत घेत नाही, भर दुपारी झाडाखाली अंधार असतो आणि चालता चालता पायाला जळवा चिकटतात.

कॉलेजच्या सेवा योजनेचं शिबिर कर्नाटकातल्या आगुंब्याकडच्या रानात होतं. तिथल्या एका वाडीतल्या बायकांना पाणी उकळून प्यायला शिकवायचं आणि ओढ्यापासून शाळेपर्यंत पायवाट बांधायची. वाडी पडली कानडी बोलणारी. बरोबर जाणाऱ्या मुलींतल्या बहुतेकींना कानडीचं अक्षर येत नव्हतं. गौराचं मात्र घरात कानडी, दारात मराठी. म्हणून शिबिराच्या प्रमुख बिराजदार बाईंनी पहिल्या वर्षातून तिला एकटीला उचललं. गौराच्या वडिलांना, शिवप्पांना, याचा एवढा अभिमान वाटला की त्यांच्या किराणा दुकानात मीठ घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकालाही आगुंबे कुठं आहे ते ऐकूनच जावं लागे. खुद्द शिवप्पांची मजल आजवर होटगीमार्गे विजापूरच्या पुढे गेली नव्हती, हा भाग वेगळा.

गिरिजाबाईंचा जीव मात्र टांगणीला लागला होता. शेजारच्या केराबाईंशी त्या साप, जळवा, पाऊस यांच्याबद्दल बोलत. केराबाई सांगत, जळवांना तंबाखूचं पाणी लावावं, आणि गिरिजाबाई मान डोलवत. पण खरं भय सापाचंही नव्हतं आणि जळवांचंही नव्हतं. ते बोलायचंच नव्हतं. गौराला फिट येत असे.

लहानपणी एका तापात पहिली आली आणि मग येतच राहिली. मॅट्रिकच्या वर्षापासून फिटनं तोंड दाखवलं नव्हतं, ते रोज रात्रीच्या गोळीच्या जोरावर. डॉक्टरांनी बजावलं होतं की गोळी एक दिवसही चुकवायची नाही आणि पाण्याजवळ मुलीला एकटीला सोडायचं नाही. ही गोष्ट घरातली तिघं आणि डॉक्टर सोडून कुणाला ठाऊक नव्हती. शिवप्पांच्या सख्ख्या भावालासुद्धा नाही. मुलीला फिट येते हे एकदा अक्कलकोटच्या कुठल्या लग्नात कुजबुजलं गेलं, की करमाळ्यापर्यंतचं एकही स्थळ उंबरा चढणार नाही, हे गिरिजाबाई जाणून होत्या. आणि बिराजदार बाई तर जातीतल्या, त्यातून अक्कलकोटच्याच. त्यांना सांगणं म्हणजे पंगतीत उभं राहून सांगणं.

निघायच्या आदल्या दिवशी गौरा ट्रंकेत कपडे भरत होती. गिरिजाबाईंनी हळूच विचारलं, "गोळ्यांची बाटली कुटं ठेवलीस गं?"

"मी नेणार नाही बाटली."

"म्हंजे?"

"अव्वा, एका खोलीत आम्ही आठ जणी झोपणार. रोज रात्री बाटली काढली की विचारणार की, कसली गोळी म्हणून. काय सांगू? बाईंना कळलं तर तिथनंच परत धाडतील मला. आणि मॅट्रिकपासून आली का एकदा तरी?"

"गोळी घेतीस म्हनून येत न्हाय, बाळा."

गौरानं हातातलं पातळ खाली टाकलं. "मग जाऊच नको म्हण. आडाजवळ जाऊ नको, चुलीजवळ बसू नको, जत्रेत जाऊ नको. सगळं ऐकलं की मी तुझं. एकदा तरी मला चार मुलींसारखी जाऊ दे."

जाऊ नको हे शब्द गिरिजाबाईंच्या ओठावर होते, पण त्यांना ते बोलवले नाहीत. निवड झाल्यापासून पोरगी घरभर गाणी म्हणत फिरत होती. तिचं ते तोंड पुन्हा उतरवायचं कसं? त्यांना लेकीची कीव आली आणि तिचा रागही आला.

काळजी फार झाली की माणसाची अक्कल गहाण पडते. गिरिजाबाईंना जुनी आठवण झाली. गौरा लहान असताना कडू गोळी थुंकून टाकायची. तेव्हा त्या गोळी कुटून शेंगाच्या चटणीत कालवायच्या आणि भाकरीबरोबर पोरीच्या पोटात घालायच्या. गौराला चटणीशिवाय घास उतरत नसे, तेव्हाही आणि आताही.

दुपारी गौरा मैत्रिणीकडे गेली आणि गिरिजाबाईंनी उखळ मांडलं. भाजलेल्या शेंगा, लसूण, तिखट, मीठ घालून तेल सुटेपर्यंत चटणी कुटली. मोठा डबा सगळ्या मुलींसाठी भरला. मग उरलेल्या चटणीत, दाराला आतून कडी घालून, गोळ्या कुटल्या आणि ती चटणी पितळेच्या डबीत दाबून भरली. एका चमच्यात औषध किती येईल आणि दुसऱ्यात किती, हा विचार त्यांना शिवला नाही. आपण काहीतरी केलं एवढ्यावरच त्यांचा जीव थोडा खाली बसला.

"ही तुज्या वाट्याची," संध्याकाळी त्यांनी डबी गौराच्या हातात दिली. "रोज रातच्याला चमचाभर खायाची. कुनाला द्याची न्हाय. लई तिखट हाय."

"बरं बाई, एकटीच खाईन," गौरा हसली. गोळ्यांचा विषय पुन्हा निघाला नाही याचा तिला एवढा आनंद झाला की तिनं आईच्या गळ्यात हात टाकले. गिरिजाबाई अवघडून उभ्या राहिल्या. लेकीला फसवलं, हे मनात टोचतच होतं.

कडक भाकरीची चळतही बांधली. त्या हवेत कडक भाकरी दोन दिवसांत मऊ पडते, असं बाईंनी वर्गात सांगितलं होतं. गिरिजाबाईंचा त्यावर काडीचा विश्वास बसला नाही. भाकरी एकदा कडक झाली की झाली, तिला मऊ पाडणारी हवा असते तरी कशी?

सकाळी टांगा आला. गिरिजाबाईंनी लेकीच्या कपाळाला विभूती लावली आणि दाराआडच थांबल्या. रडणारं माणूस स्टेशनावर नको, असं शिवप्पांचं म्हणणं होतं. ते स्वतः सायकलवरून टांग्यामागं गेले.

गाडी सुटायला अजून अवकाश होता, पण दुकान उघडायचं म्हणून ते परत आले, तेही छाती फुगवूनच. "काय गर्दी, काय थाट! बिराजदार बाई म्हंजे बाई हाय बग. समद्या पोरींची शिदोरी एका टोपल्यात गोळा केली. म्हनल्या, गाडी सुटली की मिळून खायचं. आन् आपली गौरा! ती पितळेची डबी पिशवीत दडवून बसलेली. मला लाजच वाटली. म्हनलं, आगं, दासोहाच्या घरातली तू. आल्यागेल्याला पंगतीत वाढल्याबिगर आपल्यात कुनी घास घेतो का? ती नको नको म्हनत होती. मीच वडून घेतली आन् टोपल्यात टाकली."

गिरिजाबाईंच्या हातातलं सूप खाली पडलं. ज्वारी घरभर सांडली.

"काय झालं गं?"

त्यांनी सांगितलं. सांगताना शब्द एकात एक अडकत होते. शिवप्पा मटकन पायरीवर बसले. "आठ पोरी, आन् बाई. गिरिजा, येडी झालतीस काय? कुनाच्या लेकीला काय झालं म्हंजे?"

"मला मागनं काय बोलायचं ते बोला. आदी सायकल काडा."

कपाटातल्या बाटलीत काही गोळ्या शिल्लक होत्या. का घेतली ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही, पण त्यांनी ती पदराच्या गाठीत बांधली. आणि मग बाळीवेशीनं जन्मात पाहिलं नव्हतं ते पाहिलं. डोईवरचा पदर कधी ढळू न देणाऱ्या, इरकल नेसलेल्या गिरिजाबाई सायकलच्या कॅरिअरवर बसून, नवऱ्याचा सदरा मुठीत धरून भर बाजारातून निघाल्या. कोपऱ्यावरच्या मल्लप्पा पानवाल्यानं "काय वो, कुनीकडं?" असं विचारलं, पण उत्तर द्यायला कुणाला सवड होती? गिरिजाबाई डोळे मिटून सिद्धेश्वराला एकच सांगत होत्या की पोरींना अजून भूक लागू देऊ नकोस.

मुलींची गदगची गाडी अजून उभी होती. शिवप्पा सायकल टेकवेपर्यंत गिरिजाबाई फलाटावर पोचल्यासुद्धा. त्या एकेका खिडकीत डोकावत सुटल्या. मुलींचा डबा सापडला आणि त्यांच्या काळजाचं पाणी झालं. गाडी सुटल्यावर खायचं ही शिस्त गाडी उभी असतानाच संपली होती. सगळ्यांच्या हातात भाकरीचे तुकडे होते आणि खिडकीशी बसलेली मुलगी पितळेची डबी उघडून तिच्यात बोट घालत होती.

"खाऊ नगंस! ठेव ती खाली!" गिरिजाबाई एवढ्यानं ओरडल्या की हमालसुद्धा वळून बघायला लागले.

"का वो मावशी?"

"पाल पडली होती तिच्यात."

मुली किंचाळल्या. त्या मुलीनं डबी तशीच खिडकीतून बाहेर फेकली आणि चटणी फलाटावर सांडली. ही मुलगी करमाळ्याकडच्या धनगराची, म्हाळसा तिचं नाव. अजून कुणी तोंड लावलं नव्हतं. मोठा डबा आधी संपवायचा, असं ठरलं होतं म्हणे. गिरिजाबाईंनी खिडकीचा गज धरला.

गौरा शरमेनं लाल झाली होती. पण आपल्या आईच्या स्वयंपाकघरात उघडं भांडं राहत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? ती खिडकीशी आली आणि बाकीच्या मुलींना कळू नये म्हणून कानडीत म्हणाली, "अव्वा, काय घातलं होतंस तिच्यात?"

"गोळ्या," गिरिजाबाईही कानडीतच बोलून गेल्या.

"कसल्या गोळ्या?" मागून कानडीतच प्रश्न आला. बिराजदार बाई दारातून आत येत होत्या.

गौराचा चेहरा पांढराफटक पडला. पित्ताच्या, असं सांगितलं की भागत होतं. उत्तर जिभेवर तयार होतं आणि गौरा डोळ्यांनी तेच मागत होती. पण मग रोज रात्री तिला गोळी कोण देणार? ओढ्याच्या काठी तिच्याजवळ कोण उभं राहणार? गिरिजाबाईंना ओढा दिसला, त्यात तोंडावर पडलेली लेक दिसली.

"बाई," त्या सगळ्यांना कळेल अशा मराठीत म्हणाल्या, "माज्या लेकीला फिट येती." आणि त्यांनी पदराची गाठ सोडून बाटली पुढे केली.

गौरानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बिराजदार बाईंनी बाटली घेतली नाही. "एवढी मोठी गोष्ट तुम्ही लपवलीत?" त्या रागानं म्हणाल्या. "तिथं डॉक्टर नाही, धड रस्ता नाही. उद्या काही झालं तर मी कुणाला तोंड दाखवू? गौरा, ट्रंक घे आणि खाली उतर."

गौरा उठली. ट्रंकेची कडी तिला सापडत नव्हती. गिरिजाबाईंना वाटलं, हिचं वाटोळं आपणच केलं. आता लग्न नाही, शिबिर नाही आणि ही पोर पुन्हा आपल्याशी बोलायची नाही.

"मावशी," म्हाळसा भाकरी बाजूला ठेवून म्हणाली, "फिट आल्यावर करायचं काय आसतंय?"

इतक्या वर्षांत हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. विचारणार कोण?

"कुशीवर वळवायची," गिरिजाबाई म्हणाल्या. "हातपाय दाबून धरायचे न्हाईत. तोंडात चमचा, पानी, काय बी घालायचं न्हाय. नाकाला चप्पल बी लावायची न्हाय, डागदर नको म्हनलेत. डोक्याखाली काय तरी मऊ ठिवायचं आन् जवळ बसायचं. आपोआप थांबती."

"एवढंच?" म्हाळसानं विचारलं.

"एवढंच."

"मग मी बसंन की."

"मी पण," दुसरी म्हणाली. बिराजदार बाई मुलींकडे बघत राहिल्या. गार्डनं शिट्टी फुंकली. बाईंनी खिडकीतून हात काढून गिरिजाबाईंच्या मुठीतली बाटली घेतली. "गोळी रोज मी देईन," त्या गौराला म्हणाल्या, "आणि ओढ्याकडं एकटीनं पाऊल टाकायचं नाही. बस खाली." आवाजातला राग अजून गेला नव्हता.

गौरा बसली. तिनं आईकडे पाहिलं नाही. गाडी हलली आणि गिरिजाबाई गजाला धरून बरोबर चालायला लागल्या.

"आन् शुद्धीवर आल्यावर वो?" म्हाळसानं ओरडून विचारलं.

"शुद्धीवर आली की रडती."

गौरानं झटकन मान वळवली. "मी रडते?" हे तिला कधी कुणी सांगितलं नव्हतं.

"व्हय. रडती आन् इचारती, कुनी बगितलं का? दर येळेला त्येच इचारती."

"मग काय सांगू?" म्हाळसानं विचारलं.

गिरिजाबाईंनी आजवर एकच उत्तर दिलं होतं. दार लावून, लेकीचं डोकं मांडीवर घेऊन, कुनी न्हाय बगितलं गं, असं त्या सांगत आल्या होत्या. आता गाडीनं वेग धरला आणि गज हातातून सुटला. डोईवरचा पदर खांद्यावर पडला. त्या तशाच धावत ओरडल्या, "सांगा, आमी समद्यांनी बगितलं! समद्यांनी बगितलं आन् आमी हितंच हाय म्हनावं!"

गौरा खिडकीच्या गजाला गाल लावून, डोळे पुसायचंही विसरून, वळण येईपर्यंत आईकडे बघत होती.