ताईचं खोरं

धाकटी बहीण नेमकं काय काम करते, हे सासरच्या माणसांना समजावून सांगता सांगता ताई थकली होती. शेवटी ती "कॉम्प्युटरवर डोंगर काढते" एवढंच सांगून विषय मिटवायची. आणि खरं म्हणजे त्यात खोटं काही नव्हतं.

ठिकठिकाणची चार-पाच मित्रमंडळी आपापल्या घरी स्क्रीनसमोर बसून एक गोष्ट खेळतात. त्यातला एक सूत्रधार. तो सांगतो, तुम्ही अमुक दरीत उतरलात, समोरून धूर येतोय, आता काय करता? बाकीचे कुणी तलवारबाज, कुणी वैद्य, कुणी चोर होऊन उत्तर देतात, फासे पडतात आणि गोष्ट पुढं सरकते. सगळ्यांच्या स्क्रीनवर त्या दरीचा नकाशा असतो, घारीनं वरून पाहावा तसा, आणि त्यावर ज्याची त्याची सोंगटी. सोंगटी सरकेल तसा नकाशावरचा काळोख हटत जातो. असले नकाशे बनवून विकणं हा धाकटीचा धंदा.

तिचे नकाशे खऱ्यासारखे, अशी तिची ख्याती होती. इतरांच्या नकाशात नदी बिनदिक्कत टेकडी चढून पलीकडं जायची. धाकटीच्या नकाशात पाणी उताराकडंच वाहायचं, वळणाच्या आतल्या अंगाला वाळू साचायची, सावलीच्या बाजूला गवत दाट असायचं. उपग्रहांनी मोजलेल्या जमिनीच्या उंच्या कुणालाही मिळतात. त्या घेऊन ती आधी जमिनीचा सांगाडा उभा करायची आणि मग त्यावर माती, दगड, झाडं चढवायची. ताई चेष्टेनं म्हणायची, "हिला जगातल्या नद्यांचे उतार कळतात, पण स्वतःच्या न्हाणीघरात पाणी कुठं तुंबतं ते कळत नाही."

असं असूनही एका जुन्या गिऱ्हाइकानं तिच्या इंटरनेटवरच्या दुकानाच्या पानावर लिहिलं, की नकाशे देखणे आहेत, पण इथं कधी कुणी राहिलंय असं वाटत नाही. ते वाक्य धाकटीला फार लागलं. तिनं ते कुणाला दाखवलं नाही, पण विसरलीही नाही.

त्यानंतरच्या पावसाळ्यात ताईच्या गावावरचा डोंगर खाली आला. दाजी गुरं सोडायला गोठ्यात गेले होते, ते गेलेच. ताई आणि तिची मुलगी आदल्या दिवशीच धाकटीकडं आल्या होत्या, म्हणून वाचल्या. राहायला आल्या होत्या चार दिवसांसाठी, त्या कायमच्याच राहिल्या. धाकटीनं आपली झोपायची खोली त्यांना दिली आणि स्वतःची गादी बाहेर टेबलाशेजारी टाकली. ताईला शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात काम मिळालं. भाची जवळच्या कॉलेजात जाऊ लागली. वरवर पाहता संसाराचं गाडं रुळावर आलं.

पण ताईपुढं गावाचं नाव काढायचं नाही, असं जणू सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. भेटायला येणारे हवापाण्याचं बोलायचे. भाचीसुद्धा आईचे डोळे बघून विषय बदलायची. धाकटी तेवढी विचारायची. जेवणं झाली की दोघी बहिणी मोरीशी उभ्या राहत, ताई भांडी घासायची आणि धाकटी पुसायची. एकदा तिनं सहज विचारलं, "ताई, तुमच्या घरामागून ती वाट जायची, ती विहिरीकडं जायची का गं?" ताईचा हात थांबला. मग ती बोलायला लागली, ती भांडी संपली तरी बोलतच राहिली.

मग तो रोजचा नेमच झाला. विहीर कुठं, तुतीचं झाड कुठं, गुरं कुठल्या बांधावरून चढायची, कुठं पाय घसरायचा, कपडे धुवायचे दगड कसे एकाशेजारी एक होते आणि त्यातला कुठला ताईचा. बोलून झालं की ताईचा चेहरा हलका दिसायचा. एकदा हात पुसताना ती म्हणाली, "तू विचारतेस म्हणून बरं वाटतं. बाकीच्यांच्या लेखी तो मुलूख कधी नव्हताच."

धाकटीच्या मनात तेव्हा खरोखर मायाच होती. निदान सुरुवातीला तरी होती. मग एके दिवशी दुपारी तिनं त्या खोऱ्याच्या उंच्या उतरवून घेतल्या. मोजणी डोंगर कोसळण्याआधीची होती, त्यामुळं सगळं जसंच्या तसं उभं राहिलं. तिनं घर ठेवलं, विहीर ठेवली, तुतीचं झाड लावलं. येण्याजाण्यानं वाट जिथं रुंद झाली होती तिथं गवत विरळ केलं. धुण्याच्या दगडांतला एक जरा जास्त गुळगुळीत केला. काम करताना तिला इतकं छान वाटत होतं, की हे आपण कुणाला विचारून करतोय का, हा प्रश्न तिच्या डोक्यातच आला नाही. की आला, आणि तिनं त्याला बाहेरच्या बाहेर वाटेला लावलं? पुढं कितीही आठवून पाहिलं तरी तिला ते नक्की सांगता येईना.

नकाशा दुकानात लागला आणि तिचं नाव झालं. त्याच जुन्या गिऱ्हाइकानं लिहिलं, की आता कुठं वाटतंय इथं माणसं राहत होती. धाकटीनं ते वाक्य किती वेळा वाचलं! लोक दुसरा नकाशा मागू लागले. हेच खोरं, पण संकट येऊन गेल्यानंतरचं हवं. डोंगर कोसळलाय, घर अर्धं गाडलं गेलंय, आता तिथं भुतं वावरतात, असं काहीतरी.

इथं ती नाही म्हणू शकली असती. कुणी तिच्या मानेवर सुरी ठेवली नव्हती. पण तिनं दुसरा नकाशाही केला. चिखलाचा रंग जमेना म्हणून तीन-चार वेळा बदलला. गोठ्याचं एक आढं चिखलातून तिरकं वर काढलं. आणि तो जमल्यावर खुर्चीत मागं रेलून ती स्वतःशीच म्हणाली, वा!

त्या काळात ताई कारखान्यातून आली की धाकटी खिडकी बंद करायची, कॉम्प्युटरवरची. का करायची, हे तिनं स्वतःला विचारलं नाही.

एका रविवारी दुपारी ताई कारखान्यात जादा कामाला गेली होती. भाची आतल्या खोलीत कानाला हेडफोन लावून वर्गातल्या मैत्रिणींबरोबर खेळत होती. या खेळाचा नाद तिला मावशीमुळंच लागला होता. धाकटी बाहेर फडक्यानं टेबल पुसत होती. दार अर्धवट उघडं होतं, पण तिला फक्त भाचीचंच बोलणं ऐकू येत होतं.

आधी हसणं-खिदळणं चाललं होतं, मग भाची गप्प झाली. मग तिचा आवाज आला, अगदी सपाट. "नाही, माझी तिरंदाज आत जात नाही. ती बाहेर थांबते." कुणीतरी आग्रह केला असावा. "तुम्ही जा. त्या गोठ्यात जे काही आहे त्याच्यावर मी बाण सोडणार नाही." पुन्हा थोडा वेळ गेला. "विहिरीकडं जायचं तर घराच्या मागून जा. तुतीच्या झाडावरून डावीकडं वाट आहे." सूत्रधार मुलीनं बहुधा विचारलं, अजून तो भाग काळोखात आहे, तुला कसं ठाऊक? भाची म्हणाली, "ठाऊक आहे."

धाकटीचं टेबल पुसणं थांबलं. ती फडकं हातात घेऊन तशीच उभी राहिली. पळून जावं म्हटलं तर घर केवढंसं.

खेळ संपवून भाची बाहेर आली. रडली नव्हती. मावशीकडं तिनं पाहिलं ते मोठ्या माणसानं लहानाकडं पाहावं तसं.

"मावशी, आईला तू सांगतेस की मी सांगू?"

धाकटीनं फडकं टेबलावर ठेवलं. मीच सांगते, असं ती कशीबशी म्हणाली. भाची आत गेल्यावर तिनं घाईघाईनं दोन्ही नकाशे दुकानातून काढून टाकले. क्षणभर तिला वाटलं, चला, आता सांगण्यासारखं उरलंच नाही. पण ज्यांनी घेतले त्यांच्याकडं ते होतेच, आणि भाचीच्या मैत्रिणी अजून कुठंतरी त्या चिखलात बसल्या होत्या. पाण्यात पडलेला थेंब वेचून काढता येतो थोडाच!

संध्याकाळी ताई आली. ब्लाउजच्या बाहीला निळे दोरे चिकटले होते. धाकटीनं तिला चहा दिला आणि नको तिथून सुरुवात केली. लोकांनी नकाशाला कसं नावाजलं, कुणी काय लिहिलं, हे सांगत बसली. ताईला काही बोध होईना. "अगं, दाखव तरी," असं म्हणून ती खुर्ची ओढून स्क्रीनसमोर बसली.

धाकटीनं पहिला नकाशा उघडला.

ताईला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. तिनं चहाचा कप खाली ठेवला आणि बोट काचेवर टेकवलं. बोट वाटेवरून हळूहळू सरकत गेलं, घरामागून, तुतीपाशी थोडं थांबून, विहिरीपर्यंत. तिचे डोळे भरून आले, आणि कित्येक महिन्यांनी धाकटीनं तिला तोंडभर हसताना पाहिलं.

"माझ्यासाठी केलंस हे?" ताई म्हणाली. "सगळं लक्षात ठेवलंस गं तू."

हो म्हणायला काही लागत नव्हतं. नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. धाकटीनं मान हलवलीही नाही आणि नाहीही म्हटलं नाही. ती नुसती गप्प बसली आणि ताईनं त्या गप्प बसण्याचा अर्थ हो असाच घेतला. तिनं धाकटीचा हात हातात घेऊन दाबला. आतल्या खोलीच्या दारात भाची उभी होती. ती काही बोलली नाही. बोलली असती तर धाकटीला सोपं गेलं असतं.

"नाही ताई," धाकटी म्हणाली. "विकायला केला. लोक खेळतात त्याच्यावर. अजून एक आहे."

तिनं दुसरा नकाशा उघडला. तो न दाखवता नुसतं सांगण्याची तिची हिंमत नव्हती, आणि दाखवण्याचीही नव्हती. पण बोट दाबलं गेलं. स्क्रीनभर तो चिखल पसरला, त्यातून तिरकं वर आलेलं ते आढं.

ताईनं हात सोडवून घेतला. हिसका देऊन नाही, हळूच, झोपलेल्या पोराखालचा हात काढावा तसा. पुष्कळ वेळ ती बघत राहिली. मग म्हणाली, "मी भांडी घासताना बोलायचे, ते हे?"

"हो."

"आणि तू विचारायचीस, ते यासाठी?"

"आधी यासाठी नव्हतं, ताई. खरंच नव्हतं. नंतर..."

"नंतर कधीपासून?"

धाकटीला सांगता येईना. त्या सगळ्या रात्री एकेक करून तिच्या डोळ्यांपुढं आल्या, आणि त्यांतली कुठली मायेची आणि कुठली धंद्याची, हे तिचं तिलाच निवडता येईना. इतकी लाज तिला जन्मात वाटली नव्हती. चोराला निदान आपण चोरी कधी केली ते माहीत असतं.

ताई उठली, कप विसळला आणि आत जाऊन पडली. ओरडली नाही, घर सोडून गेली नाही. जाणार तरी कुठं होती? धाकटीला वाटत होतं, हिनं चार शिव्या हासडाव्यात, एखादी थोबाडीत द्यावी. ताईनं तिला तेवढीही सुटका दिली नाही.

त्यानंतर दोघी मोरीशी उभ्या राहायच्या, पण बोलणं व्हायचं ते कारखान्याचं. कुठल्या शाळेनं खिशाचा आकार बदलला, कुठल्या मशीनची सुई सारखी तुटते. धाकटी हं-हं करत पुसायची आणि ताटाकडं बघायची. तिनं माफी मागितली, दोनदा मागितली. दोन्ही वेळा ताई "असू दे" म्हणाली, आणि त्या 'असू दे'मध्ये काहीही असू दिलेलं नव्हतं.

पुष्कळ दिवसांनी एकदा ताईनं आपणहून विचारलं, की तो दुसरा पुसून टाकलास का. धाकटीनं सांगितलं, माझ्याकडचा पुसला, लोकांकडचा माझ्या हातात नाही. ताईनं मान हलवली.

"आणि पहिला?"

"आहे. तू म्हणशील तर पुसते."

"नको. राहू दे," ताई म्हणाली. पण दाखव असं काही म्हणाली नाही. त्या दिवशीही नाही आणि पुढंही नाही. धाकटीनं तो वेगळा काढून ठेवला आणि तो कुठं आहे हे भाचीला सांगून ठेवलं, ताईला आपल्या नकळत केव्हा बघावंसं वाटलं तर असावं म्हणून.

धंदा तिनं सोडला नाही. सोडून खाणार काय? पण आता ती खऱ्या जागेच्या उंच्या घेत नाही, स्वतःच्या मनानं डोंगर रचते. ते देखणे होतात. गिऱ्हाइकं लिहितात, की त्या खोऱ्यातली जान यात नाही, पुन्हा तसं काहीतरी करा. ती आभार मानते आणि पुढचं काम घेते.

अलीकडं मात्र ताई पुन्हा बोलू लागली आहे. भाचीशी. रात्रीची जेवणं उरकली की मायलेकी आत बसतात आणि ताई तिला सांगते, तुझे बाबा त्या बांधावरून कसे उतरायचे, कुठं थांबून शीळ घालायचे. भाची आता विषय बदलत नाही. दाराला फट असते, आणि या घरात कुठंही बसलं तरी ऐकू येतंच.

धाकटी त्या वेळी चपला घालते, पिशवी घेते आणि काहीतरी आणायच्या निमित्तानं खाली उतरते. रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत जाते, बंद होत आलेल्या दुकानांच्या पाट्या वाचत उभी राहते. वर खिडकीत त्या दोघींच्या सावल्या दिसतात. त्या उठून दिवा मालवेपर्यंत ती परत जात नाही.