पाठीवरचा एकतीस नंबर

मित्रांनो, मी लोकरीची एक जुनी जर्सी आहे. अंग मरून रंगाचं, छातीवर तिरपा पांढरा पट्टा. लोक माझ्याकडे बघून वा वा करतात, आणि मला मात्र कुठे तोंड लपवू असं होतं. असं का, ते तुम्हाला सांगते.

मला मॉरीनबाईंनी विणलं. मेलबर्नच्या पश्चिमेला, गोदीच्या अंगाला त्यांचं घर. नवरा नेव्हिल ट्रँटर आयुष्यभर ट्राम चालवायचा. त्याला सगळे नेव्ह म्हणत. नेव्हचा जीव दोघांवर, मॉरीनबाईंवर आणि डनबार पार्कच्या फुटी, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या, संघावर. यात पहिला मान कुणाचा, हे विचारण्याच्या फंदात मॉरीनबाई कधी पडल्या नाहीत. उलट त्यांनीच एका हिवाळ्यात संघाच्या रंगाची लोकर आणली आणि मी जन्माला आले.

आमच्याकडे एक रीत आहे. ज्या खेळाडूवर जीव जडतो, त्याचा नंबर आपल्या जर्सीच्या पाठीवर शिवायचा. तो थकून घरी बसला किंवा दुसऱ्या संघात गेला, की टाके उसवायचे आणि नवा नंबर लावायचा. माझ्या पाठीवरून असे कितीतरी गडी येऊन गेले. त्यांनी बाजी मारली की लोक नेव्हच्या पाठीवर, म्हणजे माझ्यावरच, थापा मारायचे. खोटं कशाला बोलू, मला त्याची चटक लागली होती.

मग संघाला उतरती कळा लागली. दरवर्षी तळाला. पण आमच्या खेळात एक सोय आहे. जो संघ तळाला, त्याला नव्या पोरांमधून आधी निवड करायला मिळते. त्यामुळे हरण्याच्या वर्षांत आमची मंडळी त्या निवडीवरच जगायची. दर गुरुवारी सरावाच्या वेळी मैदानाच्या कुंपणाला टेकून वाद चालायचा. नेव्ह असायचा, मासे तळून विकणारा स्टाव्ह्रोस असायचा, आणि चहाची किटली घेऊन आलेली बेरिल.

"उंच पोरगा घ्यायला हवा होता," स्टाव्ह्रोस म्हणायचा. "पळणं शिकवता येतं, उंची शिकवता येत नाही."

"तू काय बाबा, पोरगंसुद्धा मासळीसारखं मोजून घेशील," बेरिल म्हणायची. "शेपटी धरून उचलून बघ एकदा."

त्या वर्षी आमच्या संघाने आपल्या तिसऱ्या निवडीत डार्सी हॅलोरन नावाचा पोरगा घेतला. अठरा वर्षांचा. देशाच्या पार दुसऱ्या टोकाचा, एस्परन्सचा, समुद्रकाठी वाढलेला. करार दोन वर्षांचा. असली लांबची पोरं संघ कुणाच्या तरी घरी ठेवतो, तसं त्याला इव्होन बारट्रमकडे ठेवलं. तिची स्वतःची मुलं मोठी होऊन पांगली होती. सरावाच्या दिवशी ती डार्सीचा कोरडा कोट हातावर घेऊन कुंपणापाशी, पण जरा बाजूला उभी राहायची.

डार्सीचा नंबर एकतीस. नेव्हने पहिल्याच आठवड्यात मला मॉरीनबाईंसमोर पसरलं.

"अरे, त्याने अजून एक सामना खेळलेला नाही," त्या म्हणाल्या.

"खेळेल गं. तू शिव तर."

आणि पोरगा खेळला. पहिल्या वर्षी अगदी कडेच्या रेषेवरून, जिथून मारायचं धाडस कुणी करत नाही, तिथून त्याने गोल मारला. त्या दिवशी नेव्ह दिसेल त्याला पाठ दाखवत फिरत होता, आणि मी त्याच्या अंगावर लग्नातल्या करवलीसारखी मिरवत होते.

दुसऱ्या वर्षी पोराचं बिनसलं. गुडघा दुखला, हातातले चेंडू सुटायला लागले. त्यात करार संपत आला आणि नव्यावर सही होईना. त्याच्या घराकडच्या पर्थच्या संघाने त्याच्यावर जाळं टाकलंय, अशी कुजबुज रेडिओवर सुरू झाली. कुंपणाशी दुसरा विषय उरला नाही. त्याचं नावसुद्धा कुणी घेईना, सगळे त्याला 'तिसरी निवड' म्हणू लागले.

"सही करायला मुहूर्त बघतोय का तिसरी निवड?" स्टाव्ह्रोसने सुरुवात केली.

"घरची ओढ लागलीय. आईचा पदर सुटत नाही," बेरिल म्हणाली.

"मग आत्ताच पर्थला देऊन टाका त्याला," नेव्ह म्हणाला. "बदल्यात त्यांच्या वाट्याच्या दोन निवडी तरी पदरात पडतील. करार संपून फुकट गेला, तर तेलही गेलं नि तूपही गेलं, हाती धुपाटणं."

इव्होनने तिकडून मान वळवली. "वीस वर्षांचा आहे तो, नेव्हिल. तुम्हाला ऐकू येतं तसं त्यालाही येतं."

"आम्ही काय, संघाच्या भल्याचंच बोलतोय," नेव्ह म्हणाला.

मी हे सगळं ऐकत होते. माझ्या पाठीवर त्याच पोराचा नंबर होता, आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. बाजारात उभं राहून वांग्याचा भाव करावा, तसं हे माणसाचं चाललंय, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

ऑगस्टमधल्या, म्हणजे आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यातल्या, एका गारठलेल्या शनिवारी आम्ही सपाटून हरलो. डार्सीकडे चेंडू होता, समोर गोल उघडा होता, आणि त्याने तो घालवला. सामना संपल्यावर रिवाजाप्रमाणे खेळाडू कुंपणाच्या कडेने चालत आले, पोरासोरांना सह्या देत. नेव्हने मला अंगातून उतरवलं. थंडीत नुसत्या सदऱ्यावर उभा राहून त्याने संत्री सोलायचा चाकू काढला आणि एकतीस नंबर टराटरा उसवला. नंबराबरोबर माझी थोडी लोकरही गेली. भोवतीचे लोक ओरडून त्याला चढवत होते. त्याने तो तुकडा कुंपणावरून भिरकावला.

"घे, जाताना बरोबर घेऊन जा," तो म्हणाला.

तुकडा डार्सीच्या बुटांशी पडला. त्याने वाकून उचलला, त्यावरचा चिखल बोटांनी झटकला, आणि हा कुणाचा हे बघायला मान वर केली. तेव्हा नेव्हचं डोकं माझ्यातच अडकलेलं होतं, तो मला परत अंगात घालत होता. मग लोकांनी थापा मारल्या, नेमक्या उसवलेल्या जागी. मित्रांनो, त्यासुद्धा मला गोड लागल्या. 

घरी मॉरीनबाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "हे काय केलंस?"

"गद्दार आहे तो."

"त्याने सही केली नाही, एवढंच म्हणालास. तो गेला असं कुणी सांगितलं तुला?"

नेव्हने ताट ओढलं आणि जेवायला लागला.

हंगाम संपला आणि बातमी आली. डार्सी पर्थला निघाला. बदल्यात आम्हाला दोन निवडी. मंडळी नेहमीच्या जागी जमली, सराव नसतानाही. स्टाव्ह्रोसने तळलेल्या बटाट्यांचा पुडा सोडला. "नेव्ह, मानलं तुला. सगळ्यांच्या आधी तूच ओळखलंस," तो म्हणाला. नेव्ह फुलला. त्या दोन निवडींत कोण घ्यावं, यावर जोरात जुंपली.

तेवढ्यात इव्होन आली. डार्सीकडची संघाची किल्ली परत द्यायला आली होती. ती आमच्यापाशी थांबली. आवाज चढवला नाही.

"त्या शनिवारी सकाळी चहा पिताना त्याने मला विचारलं होतं, मावशी, खोली अजून तीन वर्षं देशील का. त्यानंतरच्या मंगळवारी सही करणार होता. त्यालाच तुम्हाला सांगायचं होतं, म्हणून मी बोलले नाही." तिने किल्ली या हातातून त्या हातात घेतली. "संध्याकाळी आला तो न जेवताच झोपला. सकाळी म्हणाला, मी घरी जातो. आता तुमच्या त्या दोन निवडी चांगल्या निघोत म्हणजे झालं."

ती निघून गेली. बेरिल किटलीचं झाकण उगाच घट्ट करत बसली. स्टाव्ह्रोसने दोन निवडींचं काहीतरी काढलं आणि मधेच सोडून दिलं. नेव्हने हात मागे नेऊन माझी पाठ चाचपली, आणि तापल्या तव्याला लागल्यासारखा ओढून घेतला.

त्यानंतर त्याने माझ्यावर कुणाचाच नंबर लावला नाही. चूक झाली, असं मॉरीनबाईंपाशी एकदा कबूल केलं. त्या म्हणाल्या, "मला सांगून काय उपयोग? ज्याला सांगायचं त्याला सांग."

पुढच्या हिवाळ्यात पर्थचा संघ आमच्या मैदानावर खेळायला आला. चेंडू डार्सीकडे गेला, की आमची सगळी बाजू त्याची हुर्यो उडवायची. नेव्ह गुडघ्यांत हात घालून गप्प बसून होता. सामना संपला आणि डार्सी कुंपणाशी आला. आमच्या पोरांनाही त्याने सह्या दिल्या. नेव्ह त्या पोरांमधून वाट काढत पुढे झाला. वर्षभर घोकलेलं वाक्य त्याच्या ओठांवर होतं. त्याची छाती धडधडत होती, मला ते आतून कळत होतं.

"डार्सी, गेल्या वर्षी एकतीस नंबर फाडून फेकला होता ना तुझ्यावर. तो मी. माफी मागायला आलोय."

डार्सीने पेन थांबवलं. नेव्हच्या तोंडाकडे नीट पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. चेहरा आठवत नसला, की माणूस बघतो तसं तो बघत होता.

"काका, तसे चार-पाच नंबर आले होते माझ्याकडे," तो म्हणाला. "एक तर गाडीच्या काचेत खोचलेला होता. त्यातले तुम्ही कुठले?"

नेव्हने कुंपणावर हात ठेवला. म्हणाला, "कुंपणावरून फेकला, तो."

"बरं," डार्सी म्हणाला. मागे पोरं ढकलाढकली करत होती. या म्हाताऱ्याला आणखी काय हवंय, ते त्याला कळेना. त्याला सुचलं ते त्याने केलं. "सही हवी का? वळा जरा."

नको म्हणायची नेव्हची छाती झाली नाही. तो वळला. पोराने माझ्या पाठीवर, उसवलेल्या भोकांवरूनच, आपलं नाव लिहिलं. हात हलका होता त्याचा.

आता डार्सी मोठा खेळाडू झालाय. मी बाहेरच्या खोलीत खुंटीवर असते. पाहुणे सही बघतात आणि म्हणतात, "हॅलोरनची? नशीबवान आहेस लेका." नेव्ह उठतो आणि चहाचं आधण ठेवायच्या निमित्ताने आत जातो. मला तर तेवढंही करता येत नाही.

मित्रांनो, कपडे जपा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. लोकर पुन्हा विणता येते. पण परक्या गावी आलेलं एखादं पोर तुमच्या हाती पडलं, तर त्याला जपा. जीभ उचलण्याआधी त्याला नावाने हाक मारून बघा. एकट्या माझ्यामुळे ते पोर गेलं असतं, तर त्याने मला ओळखलं तरी असतं, रागावला तरी असता. पण मी त्या चार-पाचांतली एक होते.