ओळखीचा माणूस

“तुळशीरामभाऊ, जरा बाहेर बघा,” कारखान्याचा मालक फखरुद्दीन त्याच्या कानाशी येऊन ओरडला. लूमच्या खडखडाटात दुसऱ्या तऱ्हेने बोलताच येत नसे. “एक माणूस काम मागतोय. परळच्या मिलमधला हाय म्हणतो. तुमच्या ओळखीचा काय?”

तुळशीरामने ताग्यांच्या थप्पीआडून पाहिलं. दारात दौलत उभा होता. चपला काढून त्याने हातात घेतल्या होत्या.

अकरा वर्षं मिलमध्ये दोघांचे साचे, म्हणजे माग, शेजारी होते आणि चाळीत खोल्याही. ब्याऐंशीच्या जानेवारीत संप झाला, तेव्हा संप मिटेपर्यंत दुसऱ्या कुणाच्या साच्याला हात लावायचा नाही, असं दोघांनी गेटवर ठरवलं होतं. पाचव्या महिन्यात तुळशीरामचा धीर सुटला. ‘गावी शेतीला जातो’ असं चाळीला सांगून तो भिवंडीला आला. खरं फक्त बायकोला, काशीला ठाऊक होतं. मुंबईतल्या मिल थंड पडल्या, तरी बाजाराला कापड लागतच होतं. भिवंडीच्या लूमना उसंत नव्हती. इथल्या कापडावर मुंबईत मिलचे शिक्के बसतात, असं कामगार उघड बोलत. आपण कुणाच्या पोटावर पाय देतोय, हे तुळशीरामला कळत होतं.

दौलतने त्याला इथे पाहिलं असतं, तर उद्या सगळ्या चाळीला कळलं असतं.

“नाही,” तो म्हणाला. “ह्याला मी कधी पाहिला नाही.”

फखरुद्दीन वळला. तेवढ्यात तुळशीरामच्या तोंडून आणखी निघालं, “युनियनचा असेल. ठेवू नका.”

हे कुणी विचारलं नव्हतं.

फखरुद्दीनने दारातूनच नकाराची मान हलवली. दौलतने हात जोडले, चपला पायात घातल्या आणि तो गेला. त्या दिवशी तुळशीरामच्या लूमवर चार वेळा धागा तुटला.

गणपतीत तो चाळीत आला. संध्याकाळी दौलत खोलीत येऊन बसला. त्याची गालफडं बसली होती.

“गावाकडं पीकपानी?”

“बरं हाय.”

काशी पाठमोरी चहा करत होती. दौलतने दाराकडे बघून आवाज खाली आणला.

“तुळशीरामदादा, कुनाला बोलू नको. मी भिवंडीला गेलतो.”

तुळशीरामने काशीच्या पाठीकडे पाहिलं.

“हौसाला दिवस गेलेत. घरात डबं रिकामं. मन फिरलं माझं. चार कारखानं हिंडलो. एका ठिकानी मालक ठेवत हुता, मग त्याला काय वाटलं कुनास ठावं.” त्याने नाक पुसलं. “बरंच झालं म्हना. ठेवला असता तर तुला तोंड कसं दावलं असतं? तू मातीत राबतोस, पर शब्द न्हाई मोडलास.”

काशीचा हात थांबला. आता खरं सांगून टाकावं, असं तुळशीरामला वाटलं.

“जाऊ दे,” तो म्हणाला. “माणसाचं होतं असं.”

“तू माफ केलंस, बास.”

काशीने दोघांपुढे चहा ठेवला आणि ती बाहेर गॅलरीत गेली. परत आली ती दौलत गेल्यावरच.

संप मिटला असं कुणी कधी जाहीर केलं नाही. एकेक मिल अर्धीमुर्धी सुरू झाली, पण दौलतला परत घेतलं नाही. पुढच्या वर्षी दिवाळीनंतर खोली सोडून तो बायको हौसा आणि तान्ह्या मुलीला घेऊन गावाला निघाला. तुळशीराम परळच्या एस.टी. स्टँडवर त्यांना पोचवायला गेला.

गाडी लागल्यावर दौलत भर गर्दीत वाकून त्याच्या पाया पडला.

“हौसा, तूबी पड. आपल्या चाळीत हा एकच मानूस शब्दाला जागला.”

हौसा मुलीला कडेवर सावरत वाकली. पाय मागे घ्यावेत म्हणून तुळशीराम हलला, पण मागे माणसं दाटली होती. त्याने डोळे मिटून घेतले.

गाडी वळून दिसेनाशी झाली. मग पलीकडे भिवंडीच्या गाडीची रांग लागली होती, तिच्या शेवटी तो जाऊन उभा राहिला.