खळ्याचा आठवा हिस्सा

मी अहवाल फार चांगले लिहायचे. हे स्वतःचं कौतुक म्हणून सांगत नाही. त्याच हुशारीने मी एका बाईचं वाटोळं केलं, म्हणून आधीच सांगून टाकते.

१९९५ साली मी बेलापूरच्या एका संस्थेत नोकरीला लागले. नाव जयमाला, शिक्षण भौतिकशास्त्राची एम.एस्सी., वय सव्वीस, माहेर साताऱ्याचं, राहायला नेरूळला दोन मैत्रिणींबरोबर भाड्याच्या फ्लॅटमध्ये. संस्थेचं काम सौरऊर्जेचं. तीन वर्षांपूर्वी ब्राझीलला साऱ्या जगाची मोठी परिषद झाली होती आणि तेव्हापासून 'शाश्वत विकास' हे दोन शब्द ऑफिसात उठता-बसता कानावर पडायचे. आमचे प्रमुख नंदकिशोर सर तर ते शब्द उच्चारताना चष्मा काढून हातात धरत. मला त्यांची गंमत वाटायची, पण विश्वासही होता. कोळसा संपेल, रॉकेल संपेल, ऊन संपणार नाही, आणि ते गरिबाच्या दारातही तेवढंच पडतं, हे मला मनापासून पटलेलं होतं. आजही पटतं. चूक उन्हाची नव्हतीच.

मला काम मिळालं दिवाळे गावात. खाडीच्या काठावरचं कोळ्यांचं गाव. गाव आणि नवीन बिल्डिंगा यांच्यामध्ये एक मोकळा पट्टा राहिला होता, त्याला गावातल्या बाया खळं म्हणत. बेचाळीस घरांची मासळी तिथे वाळायची. जवळा, करंदी, मांदेली. पावसाळ्याचे चार महिने होड्या बंद असल्या की घरात आणि बाजारात जे काही जायचं, ते या खळ्यावरचंच. आजूबाजूची शेतं कधीच शहरात गेली होती. आता समोरच्या सोसायट्यांतून वासाच्या तक्रारी सुरू झाल्या होत्या. वरून कावळे, माश्या, आणि नव्या रस्त्यावरच्या डंपरची धूळ.

आमची योजना अशी की उन्हावर चालणारी, बंद, काचेची पेटी बनवायची. खाली काळा रंग दिलेला पत्रा, वर काच, आत जाळीचे चार थर, मागे हवा जायला धुराडं. मासळी लवकर वाळेल, माशी बसणार नाही, वासही कमी येईल. तुर्भ्याच्या एका वर्कशॉपमधून पहिली पेटी करून आणली आणि ठेवायला जागा मागितली, तेव्हा एकटी पुतळाबाई पुढे झाली.

पुतळाबाई पन्नाशीची. नवरा वारलेला, मुलगा होडीवर, घरात सून सुचिता. हात कोपरापर्यंत खारवलेले आणि बोलणं तोडून टाकल्यासारखं. तिने मला खळ्यावर नेलं आणि पायाच्या अंगठ्याने मातीत एक रेघ ओढली. "हितून तितपर माजं. माज्या सासूनी मना दावलं, मी सुचिताला दावलंय."

खळ्याची ती रीतच होती. लग्न होऊन सून आली की सासू तिला पहिल्या आठवड्यात खळ्यावर न्यायची आणि तिची जागा दाखवायची. कुठे दगड नाही, खुंटी नाही, कागद तर नाहीच. बेचाळीस बायांना बेचाळीस जागा तोंडपाठ होत्या. घर, होडी, सगळं पुरुषांच्या नावावर, खळं मात्र बायांचं. मला हे इतकं आवडलं की मी फ्लॅटवरच्या मैत्रिणींना दोन दिवस तेच सांगत होते. कागदाशिवाय जे चालतं त्याचं मला कौतुक वाटायचं आणि माझं सगळं काम मात्र कागदाचं होतं.

पहिल्या दिवशी पेटीची फजिती झाली. दुपारी झाकण उघडलं तर जवळा गुलाबी होऊन चिकटलेला. पुतळाबाईने चिमूटभर तोंडात टाकला. "ह्यो सुकला नाय गो बाय, शिजला."

माझा थर्मामीटर पासष्ट दाखवत होता. माझ्या वहीत तो आकडा अभिमानाने लिहिलेला होता! तिने पेटीच्या खालच्या फटीत दोन विटकरीचे तुकडे अडकवून हवेची वाट मोठी केली, काचेवर हात ठेवून बघितलं, आणखी एक तुकडा घातला. दुसऱ्या दिवशी थर्मामीटर पंचेचाळीसच्या पुढे गेला नाही आणि जवळा असा वाळला की मुठीत धरला तर खुळखुळायचा. खळ्यावर तीन दिवस लागायचे, तिथे दीड दिवसात काम झालं. वाळू नाही, माशी नाही. बेलापूरच्या बाजारात तिचा माल सकाळच्या सकाळी संपायला लागला. बाकीच्या बाया येऊन झाकण उघडून बघायच्या. चांगुणाबाई म्हणून गावात सगळ्यांत वयस्कर होती, ती काठी टेकत आली आणि पेटीला हात लावून म्हणाली, "देवाचं ऊन, तुमी कोंडून ठेवलाव." सगळ्या हसल्या. त्या हिवाळ्यात मी फार सुखात होते.

पुढच्या उन्हाळ्यात मी मोजमाप संपवत असताना पुतळाबाई एकदा म्हणाली, "पेटी चांगली हाय. पन तिच्यान मावतंय सा किलो. होडी आली का पाच-पाच पाट्या येतान. बाकीचा कुटं वालत घालू, डोक्यावर?"

"पुढच्या टप्प्यात बघू, मावशी," मी म्हणाले.

"बग हां. तुज्या कागदान तसा लिव पन."

लिहिते म्हणाले. आणि लिहिलंसुद्धा, खोटं कशाला बोलू?

पैसे देणाऱ्या परदेशी संस्थेचा अहवालाचा नमुना ठरलेला होता. इंधनाची बचत, पाण्याची बचत, श्रमाची बचत, अशा चौकटी. त्यातली एक चौकट जमिनीच्या बचतीची. इंधन आणि पाण्याच्या चौकटीत मला लिहायला काहीच नव्हतं, कारण खळ्यावर मुळात इंधन लागत नव्हतं आणि पाणीही नाही. मग जमिनीची चौकट मी मन लावून भरली. पेटीतल्या जाळ्या एकावर एक असतात, मासळी लवकर वाळते, हिशेब केला तर एका किलोला खळ्यावर लागते त्याच्या एक-अष्टमांश जागा पुरते. त्याखाली मी पुतळाबाईची गोष्ट घातली: हे प्रमाण सगळ्या गावाला लागू व्हायचं तर अडीचशेहून जास्त पेट्या लागतील, तोवर खळ्याला पर्याय नाही.

नंदकिशोर सरांनी पेन्सिलने त्या वाक्याभोवती गोल केला. "हे खरंच आहे, जयमाला. पण जानेवारीत पाच देशांचे पाहुणे येतायत. पहिल्याच पानावर अडीचशेचा आकडा बघून त्यांचा हिरमोड होईल. तुला ठेवायचं तर ठेव, मी काही म्हणणार नाही."

त्यांनी माझ्यावर सोडलं होतं. मी दोन दिवस विचार केला असं म्हटलं तर ते खोटं होईल. मी जेवणाच्या सुट्टीआधी ते वाक्य काढलं. वाक्य गेल्यावर चौकट कशी नेटकी दिसत होती!

जानेवारीत पाहुणे आले. त्यांनी वाळलेला जवळा हुंगून पाहिला, पुतळाबाईचा पेटीजवळ उभं करून फोटो काढला. पुढे अहवाल छापला तेव्हा तो फोटो मुखपृष्ठावर आला. नवं लुगडं, कपाळावर ठसठशीत कुंकवाऐवजी बारीक गोंदण, आणि हात पेटीच्या काचेवर. त्यातली एक प्रत मी तिला नेऊन दिली. तिने ती देव्हाऱ्याशेजारी टेकवून ठेवली.

दोन महिन्यांनी गावात नोटीस आली. किनारा सुशोभन समिती नावाची एक समिती नेमली गेली होती. खळ्याच्या जागी बाग, बाके आणि गाड्या लावायची सोय होणार होती. हरकती असतील तर सुनावणीला यावं. पुतळाबाई नोटीस घेऊन माझ्याकडे आली आणि मला म्हणाली, "तू ये आमच्यासंगती. तुना विंग्रजी येतंय. तू खलं मापलंस, आमच्यान जास्ती तुना माहीत."

मी गेले. सकाळी अकराची वेळ. बेचाळीस घरांतून तीसेक बाया आल्या होत्या, मासळीच्या धंद्याला खाडा करून, धुतलेली लुगडी नेसून, अंगावर होतं तेवढं सोनं घालून. अधिकारी सभ्य माणूस होता. त्याने सगळ्यांना पाणी द्यायला सांगितलं. मग विचारलं, "जागेचा काही कागद?"

पुतळाबाई उठून म्हणाली, "सासू सुनेला दावते, सायेब."

तो हसला नाही. त्याने समोरची फाईल उघडली आणि आमच्या संस्थेने सरकारी कचेऱ्यांना पाठवलेला तो अहवाल बाहेर काढला. मुखपृष्ठ आमच्याकडे होतं. आपला फोटो तिथे बघून पुतळाबाई माझ्याकडे बघून थोडी हसली, जणू आपलंच माणूस आपल्या बाजूने आत बसलंय. मला तेव्हाच उठून पळून जावंसं वाटलं.

"तुमच्याच गावातला प्रयोग आहे," अधिकारी म्हणाला. "मासळी वाळवायला एक-अष्टमांश जागा पुरते, असं शास्त्रीय मोजमाप आहे. समिती तुमचं नुकसान करणार नाही. आठवा हिस्सा सोडतो आहोत. वर सहा पेट्या मोफत." मग माझ्याकडे वळून, "ही सही तुमचीच ना?"

"माझीच. पण ते प्रमाण अडीचशे पेट्या असतील तर. सहा पेट्यांत..."

"तसं इथे कुठे लिहिलंय?"

त्याने अहवाल माझ्यापुढे सरकवला. मी पानं उलटली. मलाच माहीत होतं की नाही लिहिलेलं, तरी उलटली. तो म्हणाला, लेखी द्या, विचार करू. मी त्याच दिवशी लेखी दिलं, पुन्हा दिलं, तीन वेळा दिलं. दरवेळी पोच मिळाली. नंदकिशोर सरांनीही पत्र लिहिलं, चष्मा हातात धरून ते कितीतरी वेळ खिडकीशी उभे होते. मे महिन्यात आदेश आला आणि खळ्यावर तारेचं कुंपण पडलं. ऐन वाळवणाच्या दिवसांत, बायांच्या डोळ्यांदेखत.

आठवा हिस्सा कुठला सोडायचा, हे कोणीतरी नकाशावर ठरवलं. पेटी जिथे उभी होती तिथला. म्हणजे पुतळाबाईची जागा आणि शेजारच्या चार-पाच घरांची.

दहा-बारा दिवसांनी पुतळाबाई ऑफिसात आली. याआधी ती कधी आली नव्हती. दाराशीच चपला काढून उभी राहिली. मी खुर्ची दिली, ती बसली नाही.

"माज्यासंगती कोनी बोलत नाय," ती म्हणाली. "पान्यावर गेले का बाया बाजूला होतान. सुचिताला बाजारान पाटी उतरवाला कोनी हात देत नाय. म्हनतान, पुतलीनी फोटो दिला न आपली जागा राखली. दुसऱ्यांची इकली."

मी म्हणाले, "मी समितीला पुन्हा लिहिते."

"तुजा लिवना रावदे." पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. "तू चल न सगल्यांम्होरं सांग. मी तुना सांगतलं व्हतं का नाय, येवरीशी पेटी पुरायची नाय म्हनून? सांगतलं व्हतं का नाय?"

"सांगितलं होतं."

"मंग तेवरंच सांग. बाकी कायपन बोलू नको."

दुपारची भरती होती, होड्या लागलेल्या, बाया देवळाच्या सभामंडपात जमल्या होत्या. उरलेल्या पट्ट्यात वाळवणाच्या पाळ्या कशा लावायच्या, ते ठरवत होत्या. फरशीवर दाटीने बसल्या होत्या. पुतळाबाई आत शिरली तशी कुजबुज थांबली. ती खांबापाशी एकटी उभी राहिली. सुचिता तिच्या मागे, पदराचं टोक दातात धरून. चांगुणाबाई भिंतीला टेकून बसली होती.

मी काय बोलायचं ते रिक्षात दहा वेळा जुळवलं होतं. परिषद, पाहुणे, नमुन्यातली चौकट, सरांचा पेन्सिलीचा गोल, सगळं त्यात होतं. त्या बायांकडे बघितल्यावर कळलं की त्यातलं काहीही त्यांच्या कामाचं नाही.

"पुतळामावशींनी मला सांगितलं होतं," मी म्हणाले. "पेटी पुरणार नाही, खळं लागेलच, असं लिही म्हणाल्या. मी लिहिलं आणि नंतर मीच खोडलं. त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी काही विकलेलं नाही. तुमचं खळं माझ्यामुळे गेलं."

एक बाई मागून म्हणाली, "का खोडलंस?"

"पाहुणे येणार होते. चांगलं दिसावं म्हणून."

कोणी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. बाहेर होडीतून पाट्या उतरवताना गडी एकमेकांना हाका मारत होते. मला रडू येत होतं, पण इथे रडायचा आपल्याला हक्क नाही एवढं कळत होतं.

मग चांगुणाबाईने काठी उचलून पलीकडे ठेवली आणि बूड सरकवून आपल्या शेजारी जागा केली. "ये गो पुतले," ती म्हणाली. "बस हितं."

पुतळाबाई जाऊन बसली. तिने तोंडाला पदर लावला. सुचितालाही दोन बायांनी हात धरून खाली ओढलं. मग त्यांचं बोलणं पुन्हा पाळ्यांवर आलं, सोमवार कोणाचा, मंगळवार कोणाचा, बेचाळीस घरांना किती दिवसांनी पाळी येईल.

मी तशीच उभी होते. मला कोणी बस म्हणालं नाही.